जुन्या विजेच्या गिटारीची पट्टी : लाकूड कसे ओळखावे?



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो महागाई भत्ता, बोनस किंवा कंत्राटी पद्धती यांवर बोलणार, असा श्रोत्यांचा अंदाज असतो. आजचा आमचा विषय एका लाकडी पट्टीचा आहे. ही पट्टी सुमारे दीड फूट लांब, एका टोकाला पावणेदोन आणि दुसऱ्या टोकाला सव्वादोन इंच रुंद, आणि फार तर पाव इंच जाड असते. विजेच्या गिटारीच्या दांडीवर ती चिकटवलेली असते. तिच्यात धातूचे पडदे ठोकलेले असतात आणि वादकाची बोटे आयुष्यभर तिच्यावर फिरत राहतात. गिटारवाले तिला फ्रेटबोर्ड म्हणतात. आम्ही तिला नुसती पट्टी म्हणू.

ह्या पट्टीचे लाकूड कोणते, हा प्रश्न वरवर हौशी लोकांचा वाटतो. पण तो तीन कारणांनी कष्टकरी माणसाच्या दारापर्यंत येतो. पहिले कारण दामाचे. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात वाजवलेली एखादी जुनी गिटार घरात पडून असते. तिचा मालक नड आली की ती विकायला काढतो, आणि लाकडाच्या एका नावावरून तिची किंमत दुप्पट होते किंवा अर्ध्यावर येते. दुसरे कारण कायद्याचे. काही लाकडे अशी आहेत की त्यांची वस्तू परदेशी पाठवायची तर सरकारी कागद लागतो. चुकीचे नाव लिहिले तर निष्कारण अडचण, आणि खरे नाव दडवले तर गुन्हा. तिसरे कारण आरोग्याचे, आणि आमच्या मते ते सर्वांत मोठे. त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

आरंभी आपल्या परिचयाच्या वाद्याकडे पाहू. मिरज आपल्यापासून काही फार लांब नाही. हत्यारांना धार लावण्याचा पिढीजात धंदा असलेल्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब हे तिथल्या तंतुवाद्यांच्या परंपरेचे मूळ पुरुष मानले जातात. एकोणिसाव्या शतकात तलवारीचे दिवस सरत चालले आणि पोलादावर फिरणारा हात लाकडावर फिरू लागला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते ह्याच कारागिरीमुळे. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा आणि लाकूड बहुतेक तुनाचे, अशी तिथली रीत आहे. तून हलके, तांबूस आणि रंध्याला मऊ लागणारे लाकूड. सतारीच्या दांडीला ते चालते, कारण सतारीचे पडदे कमानदार असतात, दोऱ्याने बांधलेले असतात आणि दांडीपासून बरेच वर उचललेले असतात. तार पडद्यावर दाबली तरी बोट खालच्या लाकडाला घासत नाही.

गिटारीची गोष्ट वेगळी. तिचे पडदे पट्टीत करवतीने खाचा पाडून ठोकलेले असतात आणि ते जेमतेम मिलिमीटरभर वर येतात. तार दाबली की बोटाचे टोक थेट लाकडाला लागते. घाम, तेल, नखे आणि पोलादी तार यांचा मारा त्या लाकडाने रोज सोसायचा असतो. शिवाय वीसबावीस खाचा पाडूनही ते फुटता कामा नये, आणि पडदा त्यात घट्ट बसला पाहिजे. तुनासारखे मऊ लाकूड इथे वर्षभरही टिकणार नाही. म्हणून जगभर गिटार करणाऱ्यांनी कठीण, घट्ट लाकडे निवडली. जुन्या गिटारींपुरते बोलायचे तर त्यांची तीन कुळे लक्षात ठेवली की पुरे.

पहिले कुळ मेपलचे. हे झाड आपल्या सह्याद्रीत नाही. ह्यासाठी वापरले जाणारे कठीण मेपल उत्तर अमेरिकेतले. त्याच झाडाला छेद देऊन तिकडचे लोक रस काढतात आणि तो आटवून गोड पाक करतात. आपल्या गुऱ्हाळाचा तो लांबचा भाऊबंद म्हणायला हरकत नाही. लाकूड फिकट, सायीच्या रंगाचे.

दुसरे कुळ शिसवाचे. इंग्रजीत त्याला रोजवूड म्हणतात. गुलाबाच्या झाडाशी त्याचे काही नाते नाही. ताज्या कापलेल्या लाकडाला येणाऱ्या गोडसर वासावरून ते नाव पडले. शास्त्रात ह्या कुळाला डालबर्जिया असे नाव आहे. त्यात आपल्याला तीन भाऊ ओळखायचे आहेत. आपला घाटमाथ्यावरचा काळा शिसव तो डालबर्जिया लॅटिफोलिया. उत्तर हिंदुस्थानातला शिसम किंवा शिसू तो डालबर्जिया सिसू. तो रंगाने पिवळट-तपकिरी आणि किमतीने कमी. आणि ब्राझील देशातला, ज्याला तिकडे जकारांडा म्हणतात, तो डालबर्जिया नायग्रा. बाजारात शिसव आणि शिसम ही दोन नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो.

तिसरे कुळ आबनुसाचे, म्हणजे एबनीचे. निपाणीच्या विडी कामगार भगिनींना हे कुळ माहीत आहे, फक्त दुसऱ्या नावाने. ज्या टेंभुर्णीच्या पानात विडी वळतात ती ह्याच कुळातली, आणि तिच्या जुन्या खोडाचा गाभा काळा निघतो. गिटारीसाठी मात्र मुख्यतः आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंका इकडचे आबनूस गेले. काळे कुळकुळीत, पाण्यात टाकले तर बहुधा बुडणारे लाकूड.

आता ह्या तीन कुळांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण लाकडाची साक्ष आणि सालाची साक्ष एकमेकींशी ताडून पाहावी लागते. अमेरिकेतील फेंडर कंपनीने १९५० साली सलग लाकडी अंगाची विजेची गिटार बाजारात आणली. तिची दांडी आणि पट्टी एकाच मेपलच्या तुकड्याची होती. वेगळी पट्टी नव्हतीच. दांडी वाकू नये म्हणून आत पोलादी सळई घालतात. ती मागच्या बाजूने घातल्यामुळे खाच बुजवायला अक्रोडाच्या गडद लाकडाची पट्टी बसवली जाई. दांडीच्या पाठीवर ती काळी रेघ अजून दिसते. मेपलवर रोगण चढवावे लागते. रोगण झिजले की उघड्या लाकडात मळ शिरतो आणि पट्टी काळवंडलेली दिसते. ह्या कंपनीने १९५८ साली जॅझमास्टर नावाच्या गिटारीवर प्रथम शिसवाची पट्टी लावली, आणि १९५९ पासून ती आपल्या इतर प्रमुख गिटारींवर आणली. आता सळई पुढून, पट्टीखाली घातली जाऊ लागली. त्यामुळे त्या काळच्या शिसवी पट्टीच्या दांडीवर मागची अक्रोडाची रेघ नसते. आरंभी ही पट्टी जाड आणि तळाला सपाट होती. १९६२ च्या सुमारास ती पातळ झाली आणि दांडीच्या गोलाईवर वाकवून बसवली जाऊ लागली. गिब्सन ह्या दुसऱ्या कंपनीने आपल्या १९५२ च्या लेस पॉल गिटारीला शिसवाची पट्टी दिली होती, आणि १९५४ साली आलेल्या तिच्या उंची नमुन्याला आबनुसाची.

एवढी पूर्वपीठिका हाताशी असली की परीक्षा सुरू करता येते. परीक्षेचा क्रम महत्त्वाचा. आम्ही पॅटर्न शॉपमधल्या जुन्या कारागिरांकडून एक गोष्ट शिकलो : नाव आधी ठरवून मग लाकडात ते शोधू नये. आधी जे दिसते ते सांगावे, नाव सर्वांत शेवटी द्यावे.

पहिली परीक्षा उजेडाची. गिटार दिवसाच्या उजेडात न्यावी. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली तपकिरी लाकूड काळे दिसते आणि फिकट लाकूड सोनेरी. पट्टी फिकट असून तिच्यावर काचेसारखा रोगणाचा थर असेल तर ते मेपल, असे बहुतेक वेळा समजावे. शिसव आणि आबनूस ही मुळात घट्ट, आणि शिसव तर तेलकटही. त्यांना रोगण लागत नाही, त्यामुळे बोटाला थेट लाकूड लागते. अपवाद आहेत. काही कंपन्यांनी शिसवावरही रोगण दिले. पण आरंभाला ही खूण चांगली.

दुसरी परीक्षा छिद्रांची, आणि खरी परीक्षा तीच. झाड मुळातून पाणी वर नेते ते बारीक नळ्यांनी. लाकूड उभे चिरले की ह्या नळ्याही उभ्या चिरल्या जातात आणि पृष्ठभागावर सुईने ओढल्यासारख्या बारीक खाचा दिसतात. गुजरीतल्या सराफाकडे असते तसले दहापट दाखवणारे भिंग घ्यावे. शिसवात ह्या खाचा नुसत्या डोळ्यांनाही दिसतात आणि नखाला किंचित लागतात. आबनुसात त्या इतक्या बारीक असतात की पट्टी दगडासारखी गुळगुळीत वाटते; भिंगाखाली मात्र सापडतात. मेपलमध्ये त्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणजे काळी पट्टी समोर आली आणि तिच्यात ठसठशीत खाचा दिसल्या, तर विकणारा काहीही म्हणो, ते आबनूस नव्हे. वर्षानुवर्षांच्या तेलामळाने काळा पडलेला शिसव असू शकेल, किंवा रंगवलेले तिसरेच लाकूड.

तिसरी परीक्षा कडेची आणि टोकाची. पट्टीचा दर्शनी भाग खोटे बोलू शकतो, कारण तो घासलेला, तेल लावलेला, प्रसंगी रंगवलेला असतो. कडा आणि टोके सहसा खरे बोलतात. शेवटच्या पडद्यापलीकडे, जिथे पट्टी गिटारीच्या अंगावर येऊन संपते, तिथे लाकडाचा आडवा छेद दिसतो. तिथे नळ्या गोल छिद्रांसारख्या दिसतात आणि त्यांची दाटी मोजता येते. फेंडरच्या गिटारीची दांडी चार स्क्रूंनी बसवलेली असते. ती जाणत्या हाताने सोडवली तर तळाशी पेन्सिलीने लिहिलेली किंवा शिक्क्याने उठवलेली तारीख पुष्कळदा सापडते. ती तारीख फक्त दांडीची, हे विसरू नये. एका गिटारीची दांडी दुसऱ्या गिटारीला लावणे हे स्क्रू-पान्याचे काम आहे. गिब्सनच्या पुष्कळ गिटारींच्या पट्टीला कडेने पांढरी किनार असते. तिथे कड दिसत नाही, म्हणून टोकावरच भिस्त ठेवावी.

चौथी परीक्षा झिजेची. वादकाची बोटे पहिल्या चारपाच पडद्यांत सर्वांत जास्त असतात. तिथे पट्टीत उथळ वाट्या पडतात. लाकूड जर अंगचेच काळे किंवा तपकिरी असेल तर वाटीच्या तळाशी तोच रंग दिसतो. रंगवलेले असेल तर वाटीत आतला फिकट रंग डोकावतो. मात्र मांडीवर आडवी ठेवून कांडीने वाजवायची हवाईन गिटार ह्या परीक्षेला बसत नाही. वॅन शिपले यांच्यासारख्या वादकांनी ती आपल्याकडे घराघरांत पोहोचवली. तिच्यात तार लाकडाला दाबायची नसतेच, त्यामुळे साठ वर्षांची पट्टीही कोरी दिसते. कोरी म्हणून ती नवी, असे कोणी ठरवू नये.

पाचवी परीक्षा कापसाची. रोगण नसलेल्या पट्टीच्या एखाद्या आडबाजूला स्पिरिटने जेमतेम ओलावलेला कापूस हलकेच फिरवावा. कापूस शाईसारखा काळा झाला तर रंग चढवलेला आहे असा दाट संशय घ्यावा. तपकिरी-जांभळट डाग आला तर घाबरू नये. शिसवाच्या अंगचाच रंग स्पिरिटमध्ये उतरतो. रोगणावर मात्र स्पिरिट कधीही लावू नये. जुने रोगण त्याने मऊ होते, आणि पाच मिनिटांच्या चौकशीपायी पन्नास वर्षांचे काम बिघडते.

वजन आणि वास ह्या परीक्षा आम्ही मुद्दाम खाली ठेवल्या आहेत. सुट्या लाकडाला त्या उत्तम. आपला शिसव घनमीटरला साधारण ८०० ते ८५० किलो भरतो आणि आबनूस हजाराच्या घरात जाते. पण पट्टी दांडीला चिकटलेली असताना तिचे वजन कोण कसे करणार? वास घ्यायचा तर लाकूड ताजे खरवडावे लागते, आणि जुन्या वाद्याला खरवडणे हा अत्याचार आहे. आवाजावरून लाकूड ओळखण्याचा दावा करणारेही भेटतात. विजेच्या गिटारीचा आवाज तारा, तारेखालची चुंबके आणि ध्वनिवर्धक यांच्यावर इतका अवलंबून असतो की पट्टीचा वाटा त्यातून वेगळा काढणे कठीण. देवल क्लबच्या गावात कानाची निंदा कोण करील? पण लाकूड ओळखायला डोळा आणि भिंगच बरे.

ह्या पाच परीक्षांनी कुळ ठरते. गाव ठरवणे त्याहून अवघड आहे, आणि दामाचे सगळे भांडण गावावरूनच होते. शिसवाची पट्टी ब्राझीलची की हिंदुस्थानची? जुन्या अमेरिकन गिटारींवर १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मुख्यतः ब्राझीलचे लाकूड असे. ते दुर्मिळ होत गेले, तिकडच्या सरकारने ओंडक्यांच्या निर्यातीला आळा घातला, आणि कारखानदारांनी आपला मोर्चा इकडे वळवला. साध्या गिटारींसाठी नामांकित असलेल्या मार्टिन कंपनीने १९६९ साली आपल्या शिसवी गिटारी हिंदी शिसवाच्या करायला सुरुवात केली. म्हणजे आजोबांच्या घरातल्या पलंगाचा, देवघराच्या खांबाचा, मुंबईच्या जुन्या काळ्या नक्षीदार खुर्च्यांचा शिसव, तोच समुद्रापलीकडे जाऊन गिटारीची पट्टी झाला. अमेरिकेतून मोठ्या हौसेने आणलेल्या गिटारीवर आपल्याच घाटांच्या रांगेतले लाकूड असणे अगदी संभवनीय आहे. कलकत्त्यात होणाऱ्या गिटारीवर ते निघाले तर त्यात नवल काहीच नाही.

दोघांतला फरक असा सांगतात : हिंदी शिसव जांभळट छटेचा, त्याच्या रेषा बऱ्याच सरळ, छिद्रे दाट आणि सारख्या अंतराची. ब्राझीलचे लाकूड चॉकलेटी ते नारिंगी-तपकिरी, त्यात वेड्यावाकड्या काळ्या रेषा कोळ्याच्या जाळ्यासारख्या, छिद्रे विरळ आणि विषम. हे फरक खरे आहेत, पण सरासरीचे आहेत. एकाच झाडाच्या दोन फळ्यांतही एवढा फरक पडू शकतो. भिंगाखाली आणखी एक खूण दिसते. विशिष्ट बाजूने चिरलेल्या शिसवावर आडव्या, अगदी बारीक, समांतर लहरी दिसतात, वाळूवर वाऱ्याने उठाव्यात तशा. ही खूण फार उपयोगी, पण ती दोन्ही भावांत सापडते. तिच्यावरून कुळ कळते, गाव कळत नाही. गावाची खात्री प्रयोगशाळेतच होते. तिथे लाकडातल्या रसायनांची छाननी करतात. देहरादूनची १९०६ साली स्थापन झालेली वन संशोधन संस्था आणि बंगळूरची काष्ठविज्ञान संस्था ही आपल्या देशातली ह्या विद्येची ठिकाणे. नुसते बघून छातीठोकपणे ‘ब्राझील’ म्हणणाऱ्याकडे काहीतरी विकायला आहे, असे समजून चालावे.

ह्याचे एक उदाहरण आमच्या युनियनमधलेच आहे. एका सभासदाकडे वडिलांची जुनी विजेची गिटार होती. नावाची पट्टी गळून गेलेली, पडदे झिजलेले. पहिला ग्राहक आला, ‘काळा रंग दिलेले फुटकळ लाकूड’ म्हणून दोन हजार देऊ लागला. दुसऱ्याने पट्टी पाहून डोळे मोठे केले, ‘ब्राझीलचे आहे, मुंबईत लाखाला जाईल, मला निम्म्या हिश्शावर द्या’ म्हणाला. मुलीच्या फीची मुदत तोंडावर होती आणि लाख हा आकडा घरातल्या सगळ्यांच्या तोंडी बसला होता. आम्ही आणि एक पॅटर्नमेकर मिळून अंगणात ती गिटार पाहिली. खाचा ठळक होत्या, म्हणून आबनूस बाद. कापसावर काळी शाई उतरली. पहिल्या दोन पडद्यांतल्या वाटीत आणि शेवटच्या टोकाच्या छेदात फिकट बदामी लाकूड दिसले. म्हणजे शिसवही बाद. पहिला ग्राहक लाकडाबद्दल खरे बोलला होता, दामाबद्दल नव्हे. कारण चुंबके, खुंट्या आणि अंग हे सगळे अस्सल आणि चालू स्थितीत होते. सभासदाने पट्टी रंगवलेली आहे असे स्वच्छ सांगून ती गिटार इचलकरंजीच्या एका वाजवणाऱ्या पोराला अकरा हजारांना दिली. फीचा उरलेला भाग पतपेढीतून उचलला. लाख हुकले ह्याची हळहळ त्या घरात काही दिवस होती. पण जे लाख कधी नव्हतेच त्यांच्या भरवशावर हिस्सेदारीचा कागद झाला असता, तर आज त्याचा दावा चालू असता.

आता कायद्याकडे वळू. दुर्मिळ प्राणी आणि वनस्पती यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याला साइट्स म्हणतात. ब्राझीलचा शिसव १९९२ पासून त्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक यादीत आहे. २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जियाच्या उरलेल्या सगळ्या जाती दुसऱ्या यादीत आल्या, आणि गिटार घेऊन देशोदेशी हिंडणाऱ्या वादकांची तारांबळ उडाली. वाद्यात असे लाकूड असते तरी किती? २०१९ च्या परिषदेत तयार वाद्ये आणि त्यांचे तयार भाग यांना ह्या दुसऱ्या यादीतल्या कागदपत्रांतून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवाला ती सूट नाही. म्हणजे हिंदी शिसवाच्या पट्टीला फुशारकीने ‘ब्राझीलची’ म्हणून परदेशी विकायला काढणारा स्वतःच्या हाताने आपल्या गळ्यात कायद्याचा फास अडकवून घेतो.

ह्या संबंधात एक खटला कामगारांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अमेरिकेत लेसी कायदा म्हणून १९०० सालचा एक कायदा आहे. २००८ साली त्यात लाकूडही आले. दुसऱ्या देशाच्या कायद्याविरुद्ध बाहेर काढलेला माल अमेरिकेत घेणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरतो. ऑगस्ट २०११ मध्ये गिब्सन कंपनीच्या कारखान्यांवर सरकारी छापा पडला, आणि वाद होता तो हिंदुस्थानातून आलेल्या शिसवाच्या आणि आबनुसाच्या पट्ट्यांचा. आपला कायदा ठरावीक जाडीवरचे चिरीव लाकूड बाहेर जाऊ देत नाही; तयार केलेली वस्तू जाऊ देतो. खाचा न पाडलेली पट्टी हे लाकूड की वस्तू, असा तो प्रश्न होता. हेच काम हिंदुस्थानच्या कामगारांनी पुरे केले असते तर माल कायदेशीर ठरला असता, अशी तक्रार कंपनीच्या बाजूने झाली. मादागास्करच्या आबनुसाचे जुने प्रकरणही होतेच. ऑगस्ट २०१२ मध्ये तीन लाख डॉलर दंड आणि पन्नास हजार डॉलरची देणगी देऊन कंपनीने तडजोड केली.

कंपनीची तक्रार आम्ही उलट बाजूने वाचतो. जंगल आपले, झाड आपले, ते वाढायला माणसाच्या दोनतीन पिढ्या जातात. ते तोडले तर निदान त्यावरची करवत, रंधा आणि कानस यांची मजुरी ह्याच मुलखात राहिली पाहिजे, हा त्या नियमामागचा हिशेब आम्हाला रास्त वाटतो. काळा शिसव आज निसर्ग संवर्धनाच्या जागतिक यादीत धोक्यातल्या जातींमध्ये मोडतो. राधानगरी, आजरा, चंदगड इकडच्या म्हाताऱ्यांना विचारा. त्यांच्या लहानपणी शिसव कुठे कुठे उभे होते ते बोट दाखवून सांगतात. जुन्या वाद्यावरची पट्टी म्हणजे तोडून झालेले, पण वाया न गेलेले झाड होय. ती ओळखणे आणि जपणे हा त्या झाडाचा मान ठेवण्याचा एक मार्ग आहे.

शेवटी आरोग्य. शिसवाच्या कुळातील लाकडांत त्वचेला आणि श्वासाला झोंबणारी द्रव्ये असतात. काहींना त्या भुशाने अंगावर पुरळ उठते, डोळे सुजतात, धाप लागते. आणि एकदा अंगाने हाय खाल्ली की पुढे थोड्या भुशानेही त्रास होतो. लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत घातले; नाकाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. एका लाकूडकामाच्या गाळ्यात आम्ही हे डोळ्यांनी पाहिले. ‘काळा माल’ आला की तीन पोरांच्या हातांवर चट्टे उठत. मालक म्हणे घामोळे आहे. मालाच्या वहीत नोंद होती ‘जंगली लाकूड’, एवढीच. गाळ्यातल्या सर्वांत जुन्या सुताराने ढलपी नाकाशी नेली आणि सांगितले, हा शिसव. नाव मिळाले तेव्हा डॉक्टरांना विचारता आले, डॉक्टरांनी ते कागदावर लिहिले, आणि त्या कागदावर भुसा ओढणाऱ्या पंख्याची आणि मुखपट्ट्यांची मागणी उभी राहिली. १९४८ च्या कारखाने कायद्यात धूळ काढून टाकण्याची जबाबदारी १४ व्या कलमाने मालकावर घातली होती. पण असले लहान गाळे त्या कायद्याच्या व्याख्येबाहेरच राहत. तिथे कामगाराच्या हाती असते ती एकच गोष्ट, आपण काय कापतो आहोत ह्याचे ज्ञान. पंखा बसायला सात महिने लागले.

म्हणून जुनी पट्टी घासायची, तिचे पडदे काढून नवे बसवायचे, असे काम जो कोणी हाती घेईल त्याने आधी लाकूड ओळखावे, तोंडाला चांगली मुखपट्टी बांधावी, भुसा ओल्या फडक्याने टिपावा, फुंकून उडवू नये, आणि काम झाल्यावर हात धुऊन मगच जेवायला बसावे.

विकणाऱ्यांना आमची सूचना सोपी आहे. एक कागद घ्यावा आणि त्याचे तीन भाग करावेत. पहिल्यात डोळ्यांना दिसले तेवढेच लिहावे : रंग, रोगण, छिद्रे, कड, झीज. दुसऱ्यात त्यावरून काय अनुमान निघते ते : मेपल, शिसव, आबनूस की रंगवलेले. तिसऱ्यात जे ठरले नाही ते : ब्राझील की हिंदुस्थान, दांडी मूळची की बदललेली. तो कागद गिटारीबरोबर द्यावा. अशा कागदाने किंमत कमी होते असा पुष्कळांचा समज आहे. आमचा अनुभव असा की जाणता ग्राहक तिसरा भाग पाहूनच पहिल्या दोहोंवर विश्वास ठेवतो.

भिंग आम्ही बरोबर आणले आहे, आणि मेपल, शिसव, शिसम व टेंभुर्णी यांचे चार तुकडेही. सभा संपल्यावर ते ह्याच टेबलावर राहतील. ज्यांना पाहायचे असतील त्यांनी जरूर यावे. मुलांना पुढे येऊ द्यावे. एवढे सांगून आपली रजा घेतो.